राष्ट्रीय उद्यानातल्या कातळावर प्रस्तरारोहण करता येतं का? बोल्ट (दोर अडकवायला कातळात भोक पाडून पक्का बसवायचा खिळा) मारायला परवानगी लागते का?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापुरतं बोलायचं तर परवानगीशिवाय नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार उद्यानात शिरायलाच परवाना लागतो आणि अधिवासाला इजा करणं हा गुन्हा आहे. कान्हेरीची लेणी तर पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं, तिथे खिळाही ठोकायचा नाही.

बोल्टचा वाद जगभर आहे. अमेरिकेत १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने 'वाइल्डरनेस', म्हणजे माणसाच्या हस्तक्षेपापासून राखलेल्या रानांत 'बांधकाम' बंद केलं. मग दोर बांधायचा बोल्ट हे बांधकाम का, यावर २०२३ मध्ये मोठं रण पेटलं. तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याने कडक नियमांचा मसुदा मागे घेतला आणि जानेवारी २०२५ च्या कायद्याने अशा क्षेत्रांतलं प्रस्तरारोहण आणि बोल्ट नियमांच्या चौकटीत मान्य केले.

मला मात्र बोल्टपेक्षा ऋतू महत्त्वाचा वाटतो. योसेमिटीत बहिरी ससाण्यांच्या विणीच्या काळात घरट्यांजवळचे कडे बंद ठेवतात, बाकीचे खुले. सह्याद्रीत आपण चढतो हिवाळ्यात, आणि कड्यांवर घरटी करणाऱ्या लांब चोचीच्या गिधाडांची वीणही नेमकी तेव्हाच! ही गिधाडं आधीच नामशेष व्हायच्या टोकावर आहेत, गुरांना दिल्या गेलेल्या डिक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे. घरटं असलेला कडा तेवढे महिने सोडाच. आग्या मोहोळाच्या कड्यालाही हात लावू नका.

सरावाला मुंब्र्याचे कडे आहेत की. बोल्टऐवजी नट आणि फ्रेंड (कातळाच्या भेगेत अडकवायची धातूची साधनं) वापरा, उतरताना काढून घेता येतात.