चाल सुचली म्हणजे पद झालं असं नाही

प्रिय पोरी,

तुझ्या संगीत नाटकाचं स्क्रिप्ट दोनदा वाचलं आणि फोनवर पाठवलेल्या चाली तर किती वेळा ऐकल्या मोजलंच नाही, काल जेवताना पण चालूच होत्या. चाली गोड आहेत, दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप ओठांवर येतात, आणि हे शिकवून येत नाही गं. पण पहिल्या अंकात ९ पदं, म्हणजे नाटकातली गाणी, आहेत आणि त्यातली ५ काढली तरी गोष्ट जशीच्या तशी पुढे जाते. मला याच्यावरच बोलायचंय.

पदाची जागा संवादातच तयार व्हावी लागते. पात्र बोलत बोलत अशा ठिकाणी यायला हवं की आता नुसतं बोलून भागणारच नाही, तिथे ऑर्गनचा सूर लागला की प्रेक्षकाला वाटतं हे आता गाणारच. 'कट्यार काळजात घुसली' बघ, १९६७ चं नाटक, दारव्हेकर मास्तरांचं. त्यात पंडितजी आणि खाँसाहेब हे दोन प्रतिस्पर्धी गवई. 'घेई छंद मकरंद' पंडितजी एका चालीत गातात आणि खाँसाहेब वेगळ्याच चालीत, शब्द तेच, पण संगीतकार अभिषेकीबुवांनी दोन चाली अशा बांधल्यात की दोन घराणी आणि दोन स्वभाव समोरासमोर उभे राहतात, कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. ते पद काढलं तर नाटकच उरत नाही. तुझ्या प्रत्येक पदाला हा प्रश्न विचार.

दुसरं म्हणजे तू आधी चाल बांधतेस आणि मग त्यात शब्द बसवतेस. याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे, 'मानापमान'ला (१९११) गोविंदराव टेंब्यांच्या चाली आणि त्यावर खाडिलकरांचे शब्द. माझा त्या नाटकावर फार जीव आहे तरी सांगतो, चाली आजही ताज्या वाटतात पण कित्येक शब्द पहिल्यांदा ऐकून कळतच नाहीत. तुझ्या तिसऱ्या पदात तेच झालंय, नेमकी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, 'विच्छिन्न'वर आणलीयस. जोडाक्षरावर सूर टिकत नाही, गायला जाशील तर तुझं तुलाच कळेल. लांबवायचा सूर आकारावर, म्हणजे 'आ'वर, ठेव. आणि पट्टी, म्हणजे गाणं किती उंच सुरात गायचं ते, ठरवताना फक्त तुझा गळा धरू नकोस, ती नटी आधी दहा मिनिटं भांडलेली असते, जिना चढून आलेली असते, तिचा दम गेलेला असतो. म्हणून तालमीला पहिल्या दिवसापासून बस, पेटी घेऊन.

माझ्या पहिल्या नाटकात २२ पदं होती. एकही काढायला मी तयार नव्हतो, प्रयोग साडेचार तास चालला आणि तिसऱ्या अंकात लोक शेवटच्या लोकलसाठी उठून गेले, मला विंगेतून ते दिसत होते. पुढे मी स्वतः ८ कापली तेव्हा नाटक उभं राहिलं. त्याच नाटकाचं मानधन निर्मात्याने दिलं नाही आणि कागद केलेला नसल्यामुळे मला काहीच करता आलं नाही, तो राग अजून गेलेला नाही. तेव्हा लेखनाचा करार वेगळा, संगीताचा वेगळा, रेकॉर्डिंगचे हक्क कुणाकडे ते स्पष्ट लिहून घे. तू दोन्ही कामं करतेस म्हणून एकाच मानधनात आटपायला बघतील, ऐकू नकोस.

नोकरी सोडू का असं विचारलंयस. आत्ता नको. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं तेव्हा ते सरकारी नोकरीतच होते, आणि पहिल्या प्रयोगाला चारच अंक केले, बाकीचं मागाहून. कालिदासाचं नाटक त्यांनीच मराठीत आणलं, पदं त्यांचीच, चाली कीर्तनातून, लावणीतून, कानडी गाण्यांतून जिथून मिळतील तिथून घेतल्या. तू पण आधी एक अंक नीट बसव, मग राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग आहे, पूर्ण नाटक तिथे उतरव, तिथले प्रेक्षक कान देऊन ऐकतात.

रविवारी ये दुपारी. दुसऱ्या अंकातलं आईच्या पात्राचं ते पद आधी घेऊ, मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, सुंदर झालाय, फक्त पट्टी खाली घे, काळी पाचमधून काळी चारमध्ये आणून बघ. आणि कापायची पाच पदं तूच ठरवून ये, मी सांगणार नाही.

तुझा,
काका