सीएलएलच्या टी-पेशींतलं एचएसपी-70: रक्ताचा डबा आधी कुठे होता?

'सीएलएल रुग्णांच्या टी-पेशींत एचएसपी-70 भरपूर, निरोगी कंट्रोलमध्ये नाही. पण काही आठवड्यांत फरकच दिसत नाही, अँटिबॉडीची बॅच खराब असेल का?' हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या पीएचडीचा दुसरा उन्हाळा आठवला. (नवख्यांसाठी: सीएलएल हा रक्तातल्या बी-पेशींचा कर्करोग, टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, आणि एचएसपी-70 हे पेशीवर उष्णतेचा किंवा इतर ताण आला की वाढणारं प्रथिन.) बॅचला शिव्या घालण्याआधी एवढं सांगा, रुग्णाचं रक्त तुमच्यापर्यंत येतं कसं?

आमचं नागपूर, त्यात मे महिना. कंट्रोल म्हणजे लॅबमधली आम्हीच पोरं. रक्त काढलं की दहा मिनिटांत फायकॉलवर, म्हणजे पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या द्रवावर. रुग्णांचं रक्त मात्र ओपीडीतून एका कार्यालयाच्या आवक खिडकीवर जायचं. (नाव घेत नाही, तिथे अजून सह्या लागतात.) रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय डबा हलवायचा नाही, आणि नोंद करणारे साहेब जेवायला गेले की डबा तिथेच उन्हात. नंतर अटेंडंट तो स्कूटरच्या डिक्कीत घालून आणायचा. आपण पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी, म्हणजे एचएसपी-70 नक्की वाढलेला नमुना हवा म्हणून, पेशी तासभर 42 अंशांवर ठेवून मग 37 वर सावरू देतो ना? ती खिडकी आणि ती डिक्की हेच काम फुकटात करत होती, आणि मी आठ महिने त्याला 'कर्करोगाने आणलेला ताण' म्हणत होतो. पोस्टरही लावून झालं होतं.

पावसाळ्यात फरक आटला तेव्हा शंका आली. ऑक्टोबरच्या उन्हात स्वतःचंच रक्त तीन ट्यूबमध्ये काढलं. एक लगेच प्रोसेस केली, एक एसीत टेबलावर ठेवली, एक डिक्कीत. डिक्कीतला मी चक्क 'रुग्ण' निघालो.

कोणीतरी सांगेलच, बर्फात आणा. माझं मत विचाराल तर नको. गारठलेल्या पेशींना पुन्हा ऊब मिळाली की हीच प्रथिनं वर येतात. नावात हीट असली तरी एचएसएफ-1 ला, म्हणजे ही प्रथिनं चालू करणाऱ्या स्विचला, जागं करायला आर्सेनिक आणि जड धातूही पुरतात. त्यापेक्षा कंट्रोलचं रक्त त्याच डब्यातून, त्याच खिडकीवरून, तेवढाच वेळ थांबवून आणा. नोंद नंतर करू द्या म्हणून मी तीन अर्ज दिले होते. तिन्ही 'योग्य मार्गाने यावे' असा शेरा मारून परत आले. मार्ग कोणता, ते आजतागायत कळलेलं नाही.

जाता जाता, टी-पेशी सीडी3 या पेशीवरच्या खुणेवर गेट करा (म्हणजे त्या खुणेवरून वेगळ्या निवडा), सीडी5 या खुणेवर नको. सीएलएलच्या बी-पेशींवरही सीडी5 असतं. अख्ख्या लिम्फोसाइट्सचा (टी आणि बी पेशी एकत्र) वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिन मोजायची चाचणी, केलात, तर रुग्णाच्या बाजूला कर्करोगाच्या बी-पेशी आणि कंट्रोलच्या बाजूला बहुतांशी टी-पेशी अशी तुलना होते. अँटिबॉडी एचएससी70 या एचएसपी-70 च्या भावंडालाही चिकटते का ते बघा, ते तर पेशीत कायमच असतं. रुग्णाला आदल्या दिवशी ताप होता का, हेही विचारा. मायलोमाचे (हाही रक्ताचा कर्करोगच) नमुने असतील तर बोर्टेझोमिब हे त्यावरचं औषध चालू आहे का बघा. त्याने एचएसपी-70 वाढतं.

मी डॉक्टर नाही, फक्त बेंचवरचा माणूस. सीएलएलमध्ये टी-पेशी थकतात हे खरंच आहे, तुमचा निकाल खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. फक्त रक्त काढल्याची आणि लॅबमध्ये पोचल्याची वेळ असे दोन रकाने वहीत आखा, आणि फरक न दिसलेले आठवडे कोणते ते कळवा. माझी पैज, त्या आठवड्यांत तुमच्याकडचे साहेब जागेवर होते.