‘समर्थित नेटवर्क’ कानाला का खटकतं? आणि व्हॅलिडेटरला काय म्हणावं?

एकांनी विचारलं आहे: नोड, म्हणजे ब्लॉकचेनचं नेटवर्क ज्यांच्यावर उभं असतं ती यंत्रं, चालवणाऱ्या एका कंपनीच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना ‘आमच्याद्वारे समर्थित ब्लॉकचेन नेटवर्क्स’ असा मथळा दिला. खाली इथेरियम, कॉसमॉस हब, तेझोस, कार्डानो अशी नावं. वाक्य खटकतं, पण नेमकं चुकतं कुठे? आणि ‘व्हॅलिडेटर’साठी, म्हणजे पैसे अडकवून नव्या नोंदींवर सही करणाऱ्यासाठी, ‘वैधताकर्ता’ चालेल का?

खटकतं ते ‘समर्थित’मुळे, आणि तुमचा कान बरोबर आहे. मराठीत समर्थन करतात ते मताचं, मागणीचं, नाहीतर कुणाच्या वागण्याचं. ‘त्याच्या चुकीचं समर्थन करू नकोस’ हे आपण सहज म्हणतो. त्यामुळे ‘समर्थित इथेरियम’ वाचलं की ही कंपनी इथेरियमची बाजू घेऊन कुणाशी तरी वाद घालते आहे, असं वाटतं. पडद्यावर ‘ही फाइल समर्थित नाही’ अशी वाक्यं दिसू लागल्यापासून हा शब्द डोळ्यांच्या सवयीचा झाला, तोंडात मात्र बसला नाही. बोलताना आपण ‘ही फाइल इथे उघडत नाही’ असंच म्हणतो.

मुळात ‘सपोर्ट’ या एका शब्दाखाली इथे दोन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. एखादं वॉलेट सोलाना या ब्लॉकचेनला सपोर्ट करतं, म्हणजे त्या वॉलेटात सोलानाची नाणी ठेवता-पाठवता येतात. इथे ‘या वॉलेटात सोलाना चालतं’ एवढं पुरे. नोड ऑपरेटरची गोष्ट निराळी. त्याची यंत्रं दिवसरात्र चालू राहून त्या नेटवर्कचा भार उचलत असतात. त्याच्या एकट्यावाचून नेटवर्क थांबणार नाही, पण त्याच्यासारखे सगळेच उठून गेले तर उरेलच काय? म्हणून वॉलेटात नेटवर्क ‘चालतं’ आणि ऑपरेटर नेटवर्कवर नोड ‘चालवतो’. चालणे आणि चालवणे या जोडीने मराठीत हा फरक आयता मिळतो, तो सोडून ‘समर्थित’कडे जायचं कारण मला दिसत नाही. ‘आमच्याद्वारे’ही काढाच. ‘आम्ही’ म्हणून सरळ वाक्य होत असताना ‘द्वारे’ची कुबडी कशाला?

आता व्हॅलिडेटर. ‘वैधताकर्ता’ मला दोन कारणांनी नको वाटतो. एक तर तो माणूस वाटतो. इथेरियमवर व्हॅलिडेटर म्हणजे माणूसही नव्हे आणि यंत्रही नव्हे. किमान ३२ ईथर (इथेरियमचं नाणं) अडकवून नेटवर्कच्या नोंदीत दाखल झालेली ती सही करण्याची एक डिजिटल किल्ली असते. एकाच नोडवर अशा शेकडो किल्ल्या चालू शकतात. नोड म्हणजे यंत्र आणि त्यावरचं सॉफ्टवेअर, व्हॅलिडेटर म्हणजे सहीचा अधिकार, ऑपरेटर म्हणजे ही दोन्ही सांभाळणारी माणसं. माहितीपत्रकात हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी पडले, तर जाणकार वाचक पहिल्याच परिच्छेदात थबकेल.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. व्यवहार नियमांत बसतो की नाही हे तर प्रत्येक पूर्ण नोड बघतोच. बिटकॉइनवर २००९पासून हेच चाललं आहे, आणि त्यासाठी कुणाला पैसे अडकवावे लागत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर नोड खतावणीचा ताळा पाहतो. व्हॅलिडेटर त्यापुढे जाऊन सही करतो आणि चुकीची सही केली तर स्वतःचे पैसे गमावतो. ‘वैधताकर्ता’ किंवा ‘पडताळणीदार’ म्हटलं की ताळा पाहणं तेवढं उरतं, सही निसटते. इथेरियमवर १२ सेकंदांचा एक स्लॉट आणि ३२ स्लॉटांचा एक इपॉक, म्हणजे ६ मिनिटं २४ सेकंद. एवढ्यात प्रत्येक सक्रिय व्हॅलिडेटरने एकदा ‘मला दिसते ती साखळी ही’ असं सही करून सांगायचं असतं. या सहीला मात्र मराठीत तयार शब्द आहे, साक्षांकन. साक्षांकित प्रत म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा शब्द ‘व्हॅलिडेटर’च ठेवा आणि पहिल्या उल्लेखात ‘अनामत ठेवून ब्लॉकवर (व्यवहारांच्या गठ्ठ्यावर) सही करणारा’ असा खुलासा करा.

‘अनामत’ मी मुद्दाम म्हणतो आहे. या अडकवलेल्या रकमेला, म्हणजे ‘स्टेक’ला, काही जण ‘हिस्सा’ म्हणतात, त्याने शेअर घेतल्यासारखं वाटतं. ‘तारण’ म्हटलं तर कर्ज डोळ्यांपुढे येतं. इथे पैसे ठेवतात ते चांगल्या वागणुकीची हमी म्हणून, आणि वागणूक बिघडली की ते जप्त होतात. अगदी हेच आपण अनामतीबद्दल बोलतो. एक नेहमीचा घात बघा: एक यंत्र बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून ऑपरेटर तीच किल्ली दोन यंत्रांवर ठेवतो, दोन्ही एकदम जागी होतात आणि एकाच जागेसाठी दोन वेगवेगळ्या ब्लॉकांवर सह्या करतात. नेटवर्कच्या दृष्टीने ही लबाडीच. कॉसमॉस हबवर अशा दुहेरी सहीला ५ टक्के रक्कम जाते, आणि त्या व्हॅलिडेटरवर विश्वासून ज्यांनी आपली नाणी सोपवली त्यांच्या रकमेलाही तीच कात्री लागते. याला ‘स्लॅशिंग’ म्हणतात. ‘अनामतीची अंशतः जप्ती’ हे लांब आहे, पण वाचणाऱ्याला धोका कळतो. ‘कपात’ने पगार आठवतो. यंत्र बराच काळ बंद राहिलं तर कॉसमॉस हबवर व्हॅलिडेटरला ‘जेल’ होते. तिचं ‘तुरुंगवास’ करू नका, ‘निलंबन’ नेमकं बसतं, कारण दुरुस्ती करून अर्ज केल्यासारखा व्यवहार पाठवला की परत येता येतं.

यादीतल्या सगळ्यांना सरसकट ‘व्हॅलिडेटर’ही म्हणू नका. तेझोसवर हेच काम करणाऱ्याला बेकर म्हणतात, कार्डानोवर स्टेक पूल ऑपरेटर. ती तिथली रूढ नावं आहेत, तशीच राहू द्यावीत.

लिंगाचं विचारलं नाहीत, पण पुढे अडेल म्हणून: तो नोड, तो व्हॅलिडेटर, ते नेटवर्क. अनेकवचनी ‘नोड्स’चीही गरज नाही, ‘चार नोड’ म्हटलं की झालं.

मथळा मी असा करीन: ‘आम्ही या ब्लॉकचेनवर नोड चालवतो’. आणि प्रत्येक नावापुढे तिथे आपण व्हॅलिडेटर आहोत, बेकर आहोत की नुसता नोड चालवतो, ते एका शब्दात.