सोलापुरात हिप्नोबर्थिंग करून घरीच बाळंतपण करता येईल का?

ताई, हिप्नोबर्थिंग, म्हणजे श्वासाच्या आणि अंग सैल सोडण्याच्या सरावाने कळा सोसण्याची पद्धत, जरूर शिका, पण बाळंतपण दवाखान्यातच करा.

यात कुणी तुम्हाला झोपवत नाही. भीतीने अंग आखडतं आणि आखडलेल्या अंगाला कळा जास्त दुखतात, हे ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३०च्या दशकातच मांडलं होतं. आताच रोज रात्री सराव सुरू करा. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, आठ मोजत सावकाश सोडा. जबडा सैल, खांदे खाली, मुठी उघड्या. सोबत राहणाऱ्या आईने किंवा नवऱ्यानेही हे शिकावं. ऐन कळांत दात आवळले गेले की आठवण तेच करून देणार.

घरी नको म्हणते ते रक्तस्रावामुळे. सगळं सुरळीत होऊनही बाळ बाहेर आल्यावर तो अचानक वाढू शकतो, आणि तेव्हा इंजेक्शन, रक्त हाताशी लागतं. सुरुवातीच्या कळा घरी, अंधाऱ्या शांत खोलीत काढा (उन्हाळा असेल तर घोट घोट पाणी पीत राहा). कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की निघा. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर थांबूच नका, १०८ला फोन करा. प्रसूतिकक्षात सोबतीला कुणाला येऊ देतात का, हे सिव्हिलला किंवा तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.