अमेरिकेची छात्राध्यापिका दहा आठवडे घरी राहणार: होकार द्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलाच्या शाळेत अमेरिकेतली एक छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षिका होण्यासाठी शिकणारी मुलगी, ऑगस्टपासून दहा आठवडे पाठ घ्यायला येणार आहे आणि तिच्या राहण्यासाठी शाळेनं कोल्हापुरातलं, राजारामपुरीतलं तुमचं घर विचारलंय. घरात सासूबाई, दोन मुलं, एक रिकामी खोली. "पाहुणचारात कमी पडू नये म्हणून काय काय करावं?" असं तुम्ही विचारलंत. मी बी.एड. कॉलेजात शिकवलं, आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या सरावाला आलेल्या, मुलामुलींमागे शाळाशाळांतून हिंडले आणि ताराबाई पार्कातल्या आमच्या घरी अशा परदेशी मुली राहूनही गेल्या. त्यामुळं स्पष्टच सांगते. होकार जरूर द्या, पण पाहुणचार कमी करा.

ही मुलगी फिरायला येत नाहीये. अमेरिकेत शिक्षकाचा परवाना राज्य सरकार देतं आणि त्याआधी अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली बहुतेक एक सेमिस्टर वर्गात काढावं लागतं. काही विद्यापीठं त्यातला काही भाग परदेशी शाळेत करू देतात. इंडियाना विद्यापीठाचा असा कार्यक्रम कित्येक वर्षं चालू आहे. स्थानिक कुटुंबात राहणं हाही त्या शिक्षणाचाच भाग धरतात. म्हणजे तिचं वर्ष या दहा आठवड्यांवर टांगलेलं असतं. आपल्याकडं २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि आंतरवासिता २० आठवड्यांची. ज्यांच्या घरात लेक किंवा सून बी.एड. करून गेली, त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री अकराला पाठ टाचण, म्हणजे उद्याच्या तासाचा आराखडा, चाललेलं, पलंगभर कार्डशीटचे तुकडे, आणि सकाळी निरीक्षक कोण येणार याची धाकधूक. हिचंही तेच असतं. वर दर आठवड्याला तिकडच्या मार्गदर्शकाला लेखी अहवाल पाठवायचा.

आणि आपण कोल्हापूरकर काय करतो? सोमवारी रंकाळा, मंगळवारी आत्याकडं जेवण, बुधवारी गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध, गुरुवारी शेजारच्या वहिनी "बघायला" येणार. तिला नाही म्हणता येत नाही, आपल्याला थांबता येत नाही. शुक्रवारी पोरगी रडकुंडीला येते आणि आपण म्हणतो, घरची आठवण येत असेल. घरची कसली, तिचं टाचण राहिलेलं असतं! म्हणून पहिल्या रविवारी अंबाबाई, भवानी मंडप, रंकाळा काय ते दाखवून घ्या. नंतर शाळेच्या दिवशी संध्याकाळी सात ते साडेनऊ तिचं दार बंद, हा घराचा नियम करा आणि तो तुम्हीच नातेवाइकांना सांगा. तिच्यावर सोडू नका.

खोलीला आतून कडी हवी. हे पहिलं. सासूबाईंनाही आधीच सांगून ठेवा की दार वाजवूनच आत जायचं. टेबल, खुर्ची, चांगला उजेड आणि हाताशी प्लग हवा. सोफा-कम-बेड नसला तरी चालेल, पण टेबल नसेल तर चालणार नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर आपण न्यूयॉर्कच्या बाजूच्या वेळेपेक्षा साडेनऊ तास पुढं असतो. तिच्या मार्गदर्शकाचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. त्या वेळी टीव्ही जरा हळू.

तिकडच्या पोरींना खडूचा सराव नसतो. फळालेखनात ओळी उतरतात, मागच्या बाकापर्यंत अक्षर दिसत नाही. घरात कुणाचा जुना गुंडाळफळा असेल तर भिंतीवर टांगून द्या. चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग आणि पोरांनी एका सुरात दिलेली उत्तरं हेही तिला नवीन असतं. सगळा वर्ग "येस टीचर" म्हणतो म्हणजे सगळ्यांना कळलं असं नाही, हे उमगायला तिला आठवडा जातो. ते तिचं तिला उमगू द्या.

आमच्याकडच्या एकीला दुसरीच्या वर्गात हातच्याची बेरीज घ्यायची होती. शैक्षणिक साधन काय करावं म्हणून ती दुकानात प्लॅस्टिकचे मणी बघून आली. आमच्या सासूबाईंनी डब्यातले चिंचोके काढले, धुतले, पेपरवर पसरून वाळवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी दिवाणखान्यात बसून जुन्या साडीच्या चिंध्यांत दहा-दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या बांधल्या. दहा सुटे झाले की एक पुरचुंडी पलीकडच्या रकान्यात. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आल्या आल्या सासूबाईंचा प्रश्न, "आला का हातचा पोरांना?" घरानं मदत करावी ती अशी. कात्री धरा, पुठ्ठा आणून द्या, एखादा मराठी शब्द सांगा.

आता नाजूक गोष्ट. तुमच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी तिच्याकडून घेऊ नका. "रोज अर्धा तास बोल गं त्यांच्याशी" हेसुद्धा नको. तुम्ही म्हणालात की जावेची मुलगीही येईन म्हणते, मग मजल्यावरची दोन येतील आणि हॉलमध्ये फुकटचा क्लास सुरू होईल. मुलं तिच्याशी खेळता खेळता जे बोलतील ते बोलतील. शाळेनंही तिला प्रत्येक कार्यक्रमात फेटा बांधून व्यासपीठावर बसवायचा घाट घातला तर तिनं शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांशी बोलावं असं सुचवा. तुम्ही मध्ये पडू नका. आणि वर्गातले फोटो तिच्या फोनवरून घेऊन नात्यातल्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो फिरवू नयेत हे तिला तिकडं पक्कं शिकवलेलं असतं, आणि बरोबरच आहे ते.

एखाद्या दिवशी ती गप्प गप्प घरी येईल. कुणा शिक्षकानं पोराचा कान पिळलेला किंवा पट्टी मारलेली तिनं बघितलेली असेल. "आमच्या वेळी तर छडी..." हे पुराण तेव्हा लावू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, हे तिला सांगा. म्हणजे इथं हे सगळ्यांना मान्य आहे असा तिचा समज होणार नाही. ऐकून घ्या. पुढं विद्यापीठातल्या मार्गदर्शकाशी बोलायचं की मुख्याध्यापकांशी, ते तिला ठरवू दे. तुमचा मुलगा त्याच शाळेत आहे, त्यामुळं घरातलं शाळेत आणि शाळेतलं घरात न्यायचं नाही, हे पथ्य तुम्हाला दुप्पट पाळावं लागेल.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. पहिल्या आठवड्यात वरण-भात, दही, भाकरी, फिल्टरचं पाणी. पांढरा रस्सा आधी, तांबडा नंतर, तोही वाटीत वेगळा. मिसळीचा कट बाजूला ठेवून तिला स्लाइस ब्रेड द्या, ती स्वतःच बुडवून अंदाज घेईल. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे मात्र येण्याआधीच विचारा, कारण आपल्या भाजीत, चटणीत, कोशिंबिरीत सगळीकडं कूट असतं. सोमवार-गुरुवार घरात अंडं चालत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा. न सांगता तोंड वाकडं केलेलं पोरींना लगेच कळतं.

पावसाचं बोलायला हवं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं महामार्ग बंद झाला होता. राजारामपुरीत पाणी येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, बाहेरून माल यायचा थांबतो. तिची नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची बरोबर आणायला सांगा. कुत्रं चावलं तर साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, आणि लगेच सीपीआर या सरकारी दवाखान्यात. आधी रेबीजची लस घेतलेली असली तरी चावल्यावर पुन्हा डोस लागतात. ओले कपडे, बुरशी, इस्त्री हे तुम्हाला माहीतच आहे.

कालनिर्णयवर सुट्ट्या लाल पेननं गोल करून तिच्या हाती द्या. तिच्या विद्यापीठाला शाळेत भरलेले दिवस मोजून हवे असतात आणि आपल्याकडं गणपती, गौरी, घटस्थापना, पावसाची अचानक सुट्टी, मग सत्र परीक्षा. दहा आठवड्यांतले पाठाचे दिवस बघता बघता आटतात. दसऱ्याला दसरा चौकात नेलंत तर शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी थांबून १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा सांगा. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. होऊ घातलेल्या शिक्षिकेला पन्हाळ्याच्या तटबंदीपेक्षा हे जास्त आवडतं. आजूबाजूची बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, तीही दाखवा. बाहेरगावची पोरं शिकायला येऊन राहणं या गावाला शंभरहून जास्त वर्षं सवयीचं आहे.

पैशांबद्दल: विद्यापीठ राहण्या-जेवणाचे पैसे देत असेल तर घ्या. आपल्याला अवघडल्यासारखं होतं, कबूल. पण पैसे घेतले की तिलाही फ्रीज उघडताना, गीझर लावताना उपकाराचं ओझं वाटत नाही, आणि आपल्याकडूनही "एवढं केलं हिच्यासाठी" ही भाषा निघत नाही.

आता कागद, ज्यांच्याकडं कुणी बघत नाही. परदेशी नागरिक घरी उतरल्यापासून २४ तासांच्या आत तिच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी, २०२५ पासून फॉर्म तीन) ऑनलाइन भरायची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची. हॉटेलांनाच लागतो असा गैरसमज आहे. त्यासाठी तिच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत आधीच मागवून ठेवा आणि पोर्टलवर तुमची नोंदणी ती यायच्या आधी करून टाका. अडलं तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात परदेशी नागरिक नोंदणीचा विभाग असतो. व्हिसा कोणता ते शाळेला विचारा. टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी स्वयंसेवी कामसुद्धा फार तर महिनाभर चालतं, दहा आठवडे शाळेत पाठ घ्यायला तो उपयोगाचा नाही.

तेव्हा होकार कळवताना शाळेकडून एवढं लेखी घ्या: व्हिसाचा प्रकार, मार्गदर्शक शिक्षक कोण, कोणत्या इयत्ता, आरोग्य विमा आहे का, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर विद्यापीठातल्या कुणाला फोन करायचा. आणि मार्गदर्शक शिक्षक तुमच्याच मुलाचे वर्गशिक्षक निघाले तर तिला दुसरा वर्ग द्यायला सांगा.