वाचकांचे प्रश्न : इंग्रजीतील सामान्यनाम आणि विशेषनाम

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी उताऱ्यात मोठ्या अक्षराने सुरू होणारा प्रत्येक शब्द विशेषनाम समजून अधोरेखित करते आणि तिची बरीच उत्तरे चुकतात. ही खूण भरवशाची नसेल, तर विशेषनाम ओळखावे कसे?

उत्तर : शब्द विशेषनाम असतो म्हणून त्याला मोठे अक्षर मिळते, मोठे अक्षर मिळाले म्हणून तो विशेषनाम ठरत नाही. वाक्याचा पहिला शब्द कोणताही असला तरी त्याचे पहिले अक्षर मोठेच असते, आणि 'आय' हे सर्वनाम वाक्यात कुठेही आले तरी मोठेच लिहितात. 'इंडियन', 'ब्रिटिश' ही विशेषणेही देशनामांशी जोडलेली असल्यामुळे मोठ्या अक्षराने लिहिली जातात. मात्र 'ॲन इंडियन रिव्हर' या शब्दसमूहात नाम आहे ते फक्त 'रिव्हर', आणि तेही सामान्यनाम. उलट 'आयफोन' हे एका विशिष्ट उत्पादनाचे नाव असूनही त्याचे पहिले अक्षर लहान असते. शिवाय मोठ्या अक्षरांचे नियम काळानुसार आणि भाषेनुसार बदलत आले आहेत. 1787 मध्ये तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या हस्तलिखितात 'पीपल', 'ऑर्डर', 'जस्टिस' अशी साधी नामेही मोठ्या अक्षराने लिहिलेली आढळतात, आणि जर्मन भाषेत तर आजही प्रत्येक नाम तसेच लिहितात.

म्हणून मुलीला अक्षराऐवजी अर्थाकडे पाहायला शिकवावे. हा शब्द एका प्रकारच्या सगळ्या वस्तूंना, व्यक्तींना किंवा स्थळांना लागू पडतो, की त्यांतल्या एकीला वेगळी ओळख देण्यासाठी ठेवलेले ते नाव आहे, असे तिने प्रत्येक नामापाशी थांबून विचारावे. 'रिव्हर' हा शब्द नाईल, डॅन्यूब, ॲमेझॉन या सर्वांना चालतो, कारण त्या सर्व नद्या आहेत. 'नाईल' हे नाव मात्र त्यांपैकी एकीचेच आहे. यावर मुले अनेकदा एक अचूक शंका काढतात. लंडन इंग्लंडमध्ये आहे तसे कॅनडातही आहे, मग ते सामान्यनाम का नाही? कारण या दोन शहरांना एकत्र बांधणारा 'लंडनपणा' नावाचा कोणताही गुण नाही; त्यांच्यात नाव तेवढे सारखे आहे, आणि ते प्रत्येकाला स्वतंत्रपणे दिलेले आहे. ही शंका मुलीने काढली तर तिला विषय समजू लागला आहे असे खुशाल समजावे.

पडताळ्यासाठी शब्दाआधी 'अ' किंवा 'एव्हरी' लावून पाहता येते. 'एव्हरी रिव्हर' सहज वाटते, 'एव्हरी नाईल' खटकते. 'द' मात्र या कामी उपयोगाचा नाही, कारण 'द नाईल', 'द पॅसिफिक', 'द नेदरलँड्स' या विशेषनामांना तो लागतो आणि 'माउंट एव्हरेस्ट', 'लेक व्हिक्टोरिया' यांना लागत नाही. सरावासाठी एखादा उतारा संपूर्ण लहान अक्षरांत लिहून द्यावा आणि मोठी अक्षरे तिलाच घालायला सांगावीत. त्यामुळे खुणेचा आधार जातो आणि विचार करावाच लागतो.

प्रश्न : 'मदर', 'प्रेसिडेंट' असे शब्द कधी मोठ्या, तर कधी लहान अक्षराने लिहिलेले दिसतात. त्यांचा प्रकार कोणता मानावा?

उत्तर : प्रकार शब्दावर कायमचा चिकटवलेला नसतो, त्या वाक्यात शब्द कोणते काम करतो यावर तो ठरतो. 'माय मदर इज हिअर' यात 'मदर' हे नाते सांगणारे सामान्यनाम आहे. पण आईला हाक मारताना, किंवा 'माय' न लावता तिच्याविषयी बोलताना, तोच शब्द तिच्या नावाची जागा घेतो आणि मोठ्या अक्षराने लिहिला जातो. त्या जागी व्यक्तीचे नाव घालून वाक्य जुळते का, हे पाहिले की बहुतेक वेळा निर्णय होतो. 'प्रेसिडेंट लिंकन' यात पद नावाचाच भाग झाले आहे, तर 'लिंकन बिकेम प्रेसिडेंट इन 1861' यात ते केवळ पद आहे, म्हणून लहान अक्षर. अनेक शब्दांच्या नावांचेही असेच असते. 'युनायटेड' आणि 'नेशन्स' हे दोन्ही रोजच्या वापरातले शब्द आहेत, पण एकत्र आल्यावर ते 1945 मध्ये स्थापन झालेल्या एका संघटनेचे नाव होतात आणि तिथे विशेषनाम मानायचे ते संपूर्ण नाव.

प्रश्न : वार आणि महिने मोठ्या अक्षराने, पण 'समर', 'विंटर' हे ऋतू लहान अक्षराने, असे का?

उत्तर : हा इंग्रजी लेखनाचा संकेत आहे आणि तो पाठ करण्याला पर्याय नाही. फ्रेंच भाषेत वार आणि महिनेही लहान अक्षराने लिहितात, यावरून तर्कापेक्षा रूढीचा भाग किती मोठा आहे हे ध्यानात येईल.

प्रश्न : 'वॉट', 'न्यूटन' ही शास्त्रज्ञांची नावे असूनही एककांसाठी लहान अक्षराने का लिहितात?

उत्तर : कारण एकक म्हणून ती एका व्यक्तीची नावे राहिलेली नाहीत, 'सिक्स्टी वॉट्स' असे अनेकवचन होते, मोजणी होते, म्हणजे ती सामान्यनामे झाली आहेत. 'बॉयकॉट' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. 1880 मध्ये आयर्लंडमधील कुळांनी एका जमीनदाराचा कारभारी असलेल्या चार्ल्स बॉयकॉटवर बहिष्कार टाकला, आणि त्याचे आडनाव त्या कृतीलाच चिकटले. एककांच्या बाबतीत दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवाव्यात. एककाचे पूर्ण नाव लहान अक्षराने लिहिले तरी व्यक्तीवरून आलेल्या एककाचे चिन्ह मोठ्या अक्षराने सुरू होते, आणि 'डिग्री सेल्सिअस' लिहिताना 'डिग्री' लहान, पण 'सेल्सिअस' मोठ्या अक्षरानेच लिहायचे असते.