इंदूरला घरासमोर उभ्या मोटरहोमला घरातून वायर जोडून गिझर आणि इंडक्शन दोन्ही चालतील का?

एका वेळी एकच चालेल, दोन्ही सोबत नाही. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ३६८० वॉट. गिझर २००० आणि इंडक्शन २००० धरलं तर तिथेच हद्द ओलांडली. छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटला यातलं काहीच लावू नका. मी इथे घरांचं वायरिंग करतो आणि जळालेले प्लग बहुतेक अशाच जोडणीतले बघतो.

वायर तीन कोरची, तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएमची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेली वायर आतून तापून वितळते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. गाडी रबरी टायरवर उभी असते, त्यामुळे अर्थिंग नसताना बॉडीत करंट उतरला तर दाराला हात लावणाऱ्यालाच झटका बसेल. अर्थिंगची तार गाडीच्या चॅसीला जोडा आणि आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच सप्लाय तोडणारा स्विच) लावा, यात काटकसर नको. घरची लाइन, इन्व्हर्टर आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. दोन सप्लाय कधीही एकत्र येता कामा नयेत.

बॅटरीवर इंडक्शनचा विचार सोडा: १२ व्होल्टला २००० वॉट म्हणजे १६५ अँपिअरच्या वर.

हे सगळं घरचं अर्थिंग चांगलं आहे असं धरून सांगितलं. मांडू-महेश्वरच्या वाटेवर ढाब्याची लाइन घेताना फेज आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटर लावा. २३० च्या आसपास आकडा आला नाही तर जोडूच नका.